पेपर पाठवण्यापूर्वी

१९७५ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी घनरूप हेलियम-३ वरचा एक पेपर टाइप करून तयार केला. तो 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकाकडे जायचा होता. पाकीट टपालात पडण्याआधी एका सहकाऱ्याने तो वाचला आणि सांगितलं, की पेपर उत्तम आहे, पण परत येणार. लेखक एकटा आणि पेपरभर 'आम्ही' केलं, 'आम्हांला' आढळलं! एकट्या लेखकाने स्वतःला 'आम्ही' म्हणणं त्या नियतकालिकाला चालत नसे. तो शब्द बदलायचा म्हणजे सगळा मजकूर टाइपरायटरवर पुन्हा बडवणं आलं. हेदरिंग्टन यांनी सोपी वाट काढली. 'आम्ही' तसंच ठेवलं आणि एक लेखक वाढवला. त्यांच्या सयामी मांजराचं नाव चेस्टर. मांजराच्या शास्त्रीय नावाची आद्याक्षरं, चेस्टरचं 'सी' आणि त्याच्या बापाचं नाव जोडून 'एफ. डी. सी. विलर्ड' हे सहलेखक तयार झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पेपर छापूनही आला.

हा किस्सा संशोधकांच्या बैठकीत आजही चवीने सांगितला जातो, तो बहुधा नियतकालिकांच्या आडमुठेपणाची टर उडवायला. पण त्यात खरं तर दोन नियम आहेत. एक तेव्हा होता, दुसरा तेव्हा नव्हता. 'मी' की 'आम्ही' हा नियम होता. तो मोडला असता तरी हेलियमबद्दल वाचकाचं काही अडलं नसतं. लेखक कोणाला म्हणायचं, हे ठरवणारा नियम मात्र नव्हता. म्हणून मांजर बिनबोभाट लेखक झालं.

शोधनिबंध तयार करणाऱ्याच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार येतात, तेही एकत्र कालवलेले. 'लेखकांसाठी सूचना' या मथळ्याखाली समासाची रुंदी, दोन ओळींमधलं अंतर, संदर्भातल्या स्वल्पविरामाची जागा हे सगळं असतं. आणि त्याच यादीत नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक, संशोधनाला पैसा कोणी दिला, मूळ नोंदी कुठे पाहता येतील, हेही असतं. यांतले काही नियम म्हणजे वाचकाच्या शंकेचं आगाऊ उत्तर. हा वाचक तुम्हांला ओळखत नाही, समोर बसलेला नाही, फोन करून विचारणार नाही. उरलेले नियम त्या त्या प्रकाशनाची सवय. पहिल्या प्रकाराला संशोधन चालू असतानाच वेळ द्यावा लागतो; दुसरा शेवटी उरकायचा, शक्यतो संगणकाकडून. पुष्कळदा होतं उलटं. फॉन्ट जुळवण्यात रात्र जाते आणि पेपर अपलोड करताना लक्षात येतं, की मुलाखती घेण्याआधी समितीची मंजुरीच घेतलेली नाही. फॉन्ट पुढेही बदलता येतो. झालेल्या मुलाखतींना मागाहून मंजुरी मिळत नाही.

कुठे पाठवायचं?

पहिलं काम नियतकालिक ठरवणं. निबंधाची लांबी, वाचकाला काय ठाऊक आहे असं धरायचं, किती आकृत्या चालतील, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून लिहायला बसण्याआधी दोन-तीन नियतकालिकांचे अलीकडचे अंक चाळावेत. एक साधी कसोटी अशी: तुमच्या संदर्भसूचीत त्या नियतकालिकातला एकही लेख नसेल, तर तिथले वाचक बहुधा वेगळ्याच चर्चेत गुंतलेले आहेत. समीक्षकांकडे न पाठवताच संपादकाच्या टेबलावरून पेपर परत येतो, त्याला 'डेस्क रिजेक्शन' म्हणतात. काम चांगलं असूनही विषय त्या नियतकालिकाच्या कक्षेत बसत नाही, हे त्याचं एक नेहमीचं कारण.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, हा नियम पहिल्या प्रकारातला. समीक्षक सहसा बिनपगारी असतात. एकच पेपर चार ठिकाणी वाचला जाणं म्हणजे त्यांच्या वेळेची उधळपट्टी. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. एकच प्रयोग दोन ठिकाणी छापून आला, तर पुढे कोणी त्या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण करेल तेव्हा तो दोन स्वतंत्र पुरावे म्हणून मोजला जाईल.

नियतकालिक खरं आहे की नुसतं दुकान, हा प्रश्न आपल्याकडे फार ताजा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह केली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची ठरली. त्याच वर्षी आयोगाने 'यूजीसी-केअर' यादीची व्यवस्था उभी केली. तिचं कामही पुणे विद्यापीठातून चालत असे. २०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि निवडीची जबाबदारी संशोधक व संस्थांवर आली.

मग ओळखायचं कसं? आयएसएसएन क्रमांकावर भुलू नये; तो नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. 'स्कोपस' या सूचीत नोंद आहे असं नियतकालिक म्हणत असेल, तर ती नोंद 'स्कोपस'च्याच संकेतस्थळावर शोधावी. संपादक मंडळातल्या दोन-तीन जणांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, हे पाहावं. शुल्क किती ते आधी जाहीर केलेलं असावं. आणि आठवड्याभरात प्रकाशनाची हमी देणाऱ्याकडे समीक्षा होत नाही, हे ती हमीच सांगते.

सांगाडा

विज्ञानाच्या पेपरला आज चार खोल्या असतात: प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा. इंग्रजी आद्याक्षरांवरून या रचनेला 'इमरॅड' म्हणतात. हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ साली लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं, तेव्हा निबंध बहुधा पत्रासारखे, घडलं त्या क्रमाने लिहिलेले असत. वैद्यकीय नियतकालिकांत चार भागांची चौकट सर्वत्र रुळली ती १९७०च्या दशकात. वाचक वाढले तसं वाचणं तुटक झालं. कोणाला फक्त पद्धत हवी, कोणाला फक्त आकडे. ठरलेल्या जागी ठरलेली गोष्ट सापडली तरच असं वाचता येतं.

उदाहरणासाठी धरू, की तुम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. हा पेपर वाचला जाईल त्या क्रमाने लिहू नये. आधी तक्ते आणि आकृत्या पक्क्या कराव्यात, कारण पेपरचा दावा त्यांच्यावर उभा असतो. मग पद्धती, निष्कर्ष, चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी. निष्कर्ष हाती येण्याआधी लिहिलेली प्रस्तावना बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी पेपरची ठरते.

पद्धतीचा भाग सर्वांत कमी वाचला जातो आणि समीक्षक सर्वांत जास्त तिथेच अडतो. 'पाण्याचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासले' या वाक्यातून काहीच कळत नाही. किती विहिरी? त्या निवडल्या कशा, चिठ्ठ्या टाकून की रस्त्याकडेच्या सोयीच्या? पावसाळ्याआधी की नंतर? विहीर पिण्याची की शेतातली? बाटल्या बर्फात ठेवल्या का आणि किती तासांत तपासल्या? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बाटलीतल्या जिवाणूंमुळे नायट्रेटचं प्रमाण बदलत राहतं. बाटली उन्हात जीपमध्ये राहिली असेल, तर तुम्ही मोजलंत ते विहिरीतलं पाणी नव्हेच. दुसऱ्या कोणाला तुमचं काम जसंच्या तसं करून पाहता यावं, ही या भागाची कसोटी.

निष्कर्षांत काय आढळलं ते. त्याचा अर्थ काय तो चर्चेत. 'साठपैकी एकवीस विहिरींत मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेट आढळलं' हा निष्कर्ष. 'याचं कारण युरियाचा वाढता वापर असावा' ही चर्चा, आणि तिला आधार लागतो. दोन्ही एका वाक्यात कोंबले की मोजलेलं कुठलं आणि तर्क कुठला, हे वाचकाला कळत नाही. मर्यादाही चर्चेतच सांगाव्यात. एकाच हंगामाचे नमुने आहेत, हे तुम्ही लिहिलं तर ती मर्यादा. समीक्षकाने शोधून काढलं तर तो दोष.

प्रस्तावनेला तीन गोष्टी पुरतात: काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि त्यापैकी काय शोधायला आम्ही निघालो. 'पाणी हे जीवन आहे' इथून सुरुवात केली, तर विहिरीपर्यंत पोचायला दोन पानं लागतात.

सारांश साधारण दीडशे ते अडीचशे शब्दांचा. बहुसंख्य वाचक एवढाच भाग वाचतात, त्यामुळे तो एकटा उभा राहिला पाहिजे. त्यात मुख्य आकडा हवा. 'परिणामांची चर्चा केली आहे' असं नुसतं आश्वासन नको. शीर्षकालाही हाच न्याय. 'मराठवाड्यातील पाणीप्रश्न: एक चिकित्सक अभ्यास' या शीर्षकातून विषयाचा तालुकासुद्धा कळत नाही, आणि अभ्यास चिकित्सक आहे हे लेखकाने सांगायचं नसतं. काय मोजलं, कशात आणि कुठे, एवढं शीर्षकात आलं की शोधणाऱ्याला पेपर सापडतो.

इतिहास, साहित्य, समाजशास्त्र यांत ही चार खोल्यांची चौकट नेहमी बसत नाही. तिथे युक्तिवादच रचना ठरवतो. पण वाचकाची शंका तीच. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदावर मुद्दा उभा असेल, तर दप्तर, रुमाल (कागदांचं गाठोडं) आणि कागदाचा क्रमांक इतका तपशील हवा, की पुढचा अभ्यासक पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन तोच कागद मागू शकेल. मराठीतून लिहिणाऱ्याने आणखी एक पाहावं: मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची रांगोळी होते, आणि तसला निबंध इंटरनेटच्या शोधात कधीच सापडत नाही.

आकडे आणि चित्रं

तक्ता आणि आकृती मजकुराविना समजली पाहिजे. एकक, नमुन्यांची संख्या आणि चिन्हांचा अर्थ तिथेच, मथळ्यात किंवा खाली द्यावा. तक्त्यातले सगळे आकडे मजकुरात पुन्हा वाचून दाखवू नयेत. उपकरण दशांशाच्या एका स्थळापर्यंतच खात्रीने मोजत असेल, तर सरासरी ४७.३८२६ लिहिण्यात अचूकता नाही, तिचा आभास आहे.

छायाचित्रांसाठी बहुतेक नियतकालिकं इंचाला किमान ३०० ठिपके मागतात, रेषाचित्रांसाठी त्याहून बरेच जास्त. आलेख शक्यतो व्हेक्टर स्वरूपात साठवावा, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत. स्क्रीनशॉट चालत नाही. लाल आणि हिरव्या रेषांवरच भेद उभा असेल, तर रंगांधळ्या वाचकाला दोन्ही सारख्याच दिसतील. रंगासोबत तुटक रेषा, वेगळी खूण असा दुसरा फरकही ठेवावा.

चित्रांच्या नियमांना गंभीर बाजू आहे. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जैववैद्यकातले २०,६२१ पेपर डोळ्यांनी तपासले. २०१६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ३.८ टक्के पेपरांत एकच चित्र वेगवेगळ्या नावांनी वापरल्यासारख्या गोष्टी आढळल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत तरी ते मुद्दाम केल्याची चिन्हं होती. म्हणून आज अनेक नियतकालिकं मूळ, न कापलेली चित्रं मागतात. उजळपणा वाढवायचा तर सगळ्या चित्राचा. नको असलेला तेवढा डाग पुसता येत नाही.

आकड्यांचा घात कधी साध्या सॉफ्टवेअरनेही होतो. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' ही मानवी जनुकांची नावं होती. एक्सेलला ती तारखा वाटत, आणि ते गुपचूप एक मार्च, दोन सप्टेंबर अशा तारखा करून टाकत असे. २०१६ साली एका पाहणीत दिसलं, की आघाडीच्या नियतकालिकांत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एकपंचमांश पेपरांत असल्या चुका होत्या. शेवटी २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. मूळ नोंदींची एक प्रत अजिबात हात न लावता वेगळी ठेवायची, ही सवय यासाठी लावून घ्यावी.

संदर्भांची कटकट

नवख्याचा सर्वाधिक जीव संदर्भ खातात, आणि इथे दोन्ही प्रकारचे नियम शेजारी शेजारी नांदतात. दुसऱ्याच्या कामाचा नेमका पत्ता देणं हे वाचकासाठी. वर्ष कंसात की शेवटी, ही निव्वळ परंपरा. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ साली बागेतल्या गोगलगायीच्या जातीवरच्या निबंधात लेखकाचं नाव आणि वर्ष मजकुरातच कंसात दिलं. तीच पुढे 'हार्वर्ड पद्धत' म्हणून ओळखली गेली. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि हस्तलिखितांचे सामाईक नियम ठरवायला बसले. संदर्भांना क्रमांक देणारी 'व्हँकुव्हर पद्धत' त्यांच्या नावावर आहे. मानसशास्त्रातली 'एपीए' पद्धत १९२९ साली सात पानांत मावत होती; २०१९च्या सातव्या आवृत्तीला चारशेहून अधिक पानं लागली.

ही चारशे पानं पाठ करायची गरज नाही. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर संदर्भ साठवतं आणि हव्या त्या पद्धतीत मांडतं. पेपर एका ठिकाणाहून परत आला आणि दुसरीकडे पाठवायचा झाला, तर सगळी सूची काही क्षणांत बदलते. फक्त आत भरलेली माहिती आपण तपासावी लागते, कारण चुकीचं आडनाव कुठल्याही पद्धतीत चुकीचंच राहतं. डीओआय हा निबंधाचा कायमचा क्रमांक. तो असेल तिथे द्यावा, म्हणजे प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तरी वाचक पोचतो.

यंत्राला न सोपवण्याची गोष्ट वेगळी आहे: प्रत्येक संदर्भ स्वतः वाचलेला असणं. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेल्या संदर्भाबरोबर त्याची चूकही आपल्याकडे येते. आता तर भाषेची यंत्रं अस्तित्वातच नसलेले निबंध खऱ्यासारख्या नावांनी बनवून देतात. मागे घेतलेले निबंधही सूचीत राहून जातात. झोटेरो त्यांच्याबद्दल इशारा देतं, तो नजरेआड करू नये.

लेखक कोण?

व्हँकुव्हरला जमलेल्या त्या संपादकांच्या गटातून पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. लेखक म्हणवून घ्यायला तिच्या चार अटी आहेत. कामाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याची कसून दुरुस्ती करण्यात भाग. अंतिम मसुद्याला संमती. आणि पेपरमधल्या प्रत्येक गोष्टीबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही लागतात. विभागप्रमुख आहेत म्हणून, उपकरण वापरू दिलं म्हणून किंवा पुढच्या पेपरात आपलं नाव येईल म्हणून नाव घालणं यांत बसत नाही. अशांचे आभार मानावेत. उलट ज्या विद्यार्थ्याने उन्हातान्हात नमुने गोळा केले आणि मसुदाही लिहिला, त्याचं नाव गाळणं हाही तितकाच मोठा गैरप्रकार आहे.

मोठ्या प्रकल्पांत हा प्रश्न वेगळंच रूप घेतो. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या पेपरला ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांची. अशा वेळी कोणी काय केलं हे कळावं म्हणून आता अनेक नियतकालिकं प्रत्येक लेखकाचं काम स्वतंत्र लिहून मागतात. आपल्याकडे नावांचा क्रम सर्वांत जास्त भांडणं लावतो. तो काम सुरू होतानाच ठरवून लिहून ठेवावा. गणितात लेखकांची नावं सहसा वर्णानुक्रमे येतात. प्रयोगशाळांत मुख्य काम करणारा पहिला आणि मार्गदर्शक शेवटी.

मराठी नावांची अडचण निराळीच. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली पद्धत; एका पेपरात दोन आद्याक्षरं, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात पूर्ण नाव आणि लग्नानंतर आडनावच वेगळं. संगणकाच्या लेखी त्या चार वेगळ्या व्यक्ती होतात. २०१२पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक मोफत आहे. नाव बदललं तरी तो बदलत नाही. पहिल्याच पेपरच्या वेळी तो काढावा.

पाठवताना

शेवटच्या टप्प्यात निवेदनं येतात: निधी, हितसंबंध, नैतिक मंजुरी, मूळ माहिती कुठे मिळेल. कंपनीकडून पैसा घेतला असणं हा गुन्हा नाही. तो लपवणं हा आहे. 'प्लॉस' या प्रकाशनसंस्थेने २०१४ पासून मूळ माहिती खुली करण्याचा आग्रह धरला, आणि पुढे इतरही त्या वाटेने गेले.

उसनवारीच्या तपासणीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. म्हणून दहाच्या खाली आणलं की सुटलो, असं समजून लोक शब्द फिरवत बसतात. सॉफ्टवेअर फक्त शब्दांचं साम्य मोजतं. दुसऱ्याची कल्पना नावाविना घेतली, तर अहवालात शून्य टक्के आले तरी ती चोरीच. उलट अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेलं वाक्य अहवालात रंगून आलं तरी त्यात गैर काही नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत २०२३ साली चित्र स्पष्ट झालं. 'नेचर'सह अनेकांनी जाहीर केलं, की चॅटजीपीटीसारखं साधन लेखक होऊ शकत नाही, आणि वापरलं असेल तर सांगावं लागेल. कारण लेखकपणाच्या त्या चार अटींपैकी चौथीत आहे: चुकीबद्दल यंत्राला जाब विचारता येत नाही. मांजराला तरी कुठे विचारता आला असता?

काही नियतकालिकं लेखकाचं नाव समीक्षकापासून लपवतात. तिथे पहिल्या पानावरून नाव काढणं पुरत नाही. आभार, 'आमच्या आधीच्या अभ्यासात' असे उल्लेख आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेलं संगणकमालकाचं नावही काढावं लागतं.

सोबत संपादकाला पत्र असतं. ते अर्ध्या पानाचं असावं, आणि ते कसं लिहावं याचा उत्तम नमुना आपल्याच एका शास्त्रज्ञाचा आहे. जून १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना निबंध पाठवला, तेव्हा सोबतच्या पत्रात थोडक्यात सांगितलं, की प्लँकच्या नियमातला एक गुणक जुन्या विद्युतगतिकीचा आधार न घेता काढून दाखवला आहे. जर्मन पुरेसं येत नाही, योग्य वाटल्यास 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक'मध्ये छापण्याची व्यवस्था करावी. काय केलं, त्यात नवं काय आणि काय हवं, एवढंच. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर करून तो निबंध छापवला.

उत्तर आल्यावर

'दुरुस्त करून पाठवा' हे उत्तर चांगली बातमी आहे, कितीही लांबलचक असलं तरी. समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा लिहायचा, खाली आपलं उत्तर आणि कुठल्या ओळीत काय बदललं ते. न पटलेला मुद्दा नाकारता येतो, पण कारण द्यावं लागतं. आणि समीक्षकाला मजकूर समजला नसेल, तर तो पुढच्या वाचकालाही समजणार नाही असं धरून तिथे बदल करावा.

रागावून पेपर मागे घेणाऱ्यांत थोर माणसं आहेत. १९३६ साली आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवलेल्या निबंधात गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नसाव्यात असा निष्कर्ष होता. संपादकांनी तो समीक्षकाला दाखवला, त्याने चूक दाखवली, आणि छापण्याआधी दुसऱ्याला दाखवलाच का, म्हणून आइन्स्टाइन यांनी निबंध मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. समीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन यांचं म्हणणं बरोबर होतं.

राहता राहिला दुसऱ्या प्रकारच्या, निव्वळ सवयीच्या नियमांचा प्रश्न. २०१९ साली छापलेल्या एका पाहणीत संशोधकांनी सांगितलं, की एका पेपरच्या नुसत्या मांडणीवर साधारण १४ तास जातात, वर्षाला ५२. ही उधळपट्टी प्रकाशकांनाही कळू लागली आहे. २०११ पासून 'एल्सेव्हिअर'ने आणि पुढे इतरांनीही काही नियतकालिकांत पहिल्यांदा पेपर कुठल्याही मांडणीत स्वीकारायला सुरुवात केली. साचा स्वीकृती मिळायच्या बेतात असताना पाहायचा. याच काळात माहितीची उपलब्धता, प्रत्येक लेखकाचा वाटा, यंत्राच्या वापराची कबुली हे नियम मात्र कडक होत गेले. समासाचे नियम सैल होताहेत आणि शंकांचे घट्ट.

तेव्हा मुदतीला दोनच संध्याकाळी उरल्या असतील, तर स्वल्पविराम सोडून द्यावेत. पद्धतीचा भाग छापून दुसऱ्या विभागातल्या, विषय न जाणणाऱ्या सहकाऱ्याच्या हातात द्यावा आणि विचारावं: एवढ्या माहितीवर तुम्ही त्याच विहिरींवर जाऊन त्याच रीतीने पाणी भरून आणू शकाल का? त्याने जिथे जिथे थांबून काही विचारलं, तिथे तिथे पेपर अजून तयार झालेला नाही.